एकचा नऊ

श्रूजबरी, ३ ऑगस्ट २०२५

सई,

तू मला व्हॉट्सॲपवर ब्लॉक केलंस. फोन लावला की कट होतो. मेल तर उघडतसुद्धा नाहीस, असं तुझ्या सत्यजितरावांनी सांगितलं (आईनं 'राव' लावायला बजावलंय, मी लावला). पोस्टमनला मात्र ब्लॉक करता येत नाही, म्हणून हा कागद. फाडायचा तर फाड. पण वाचल्याशिवाय तू फाडणार नाहीस, एवढं मी तुला ओळखते.

लग्नाला आले नाही म्हणून मी काही नाक घासणार नाहीये. तुझ्या मागे करवली म्हणून दिवा घेऊन मावशीची मुलगी उभी होती, ते फोटोत पाहिलं. उभी काय होती, लग्न तिचंच असल्यासारखी मिरवत होती. अडतिसाव्या वर्षी करवली व्हायची माझी फार हौस होती, ती राहिली. रजा मिळाली नाही, हे तेव्हा सांगितलं होतं. तेच धरून चल.

तुझ्या शाळेतल्या बाई विचारतात ना, बहीण अमेरिकेत काय करते, आणि तू 'चांदीचं काहीतरी' म्हणतेस. त्यांना वाटतं मी पैंजण घडवते. तर एकदा नीट ऐक. चांदीचे मोजकेच अणू, अगदी बोटांवर मोजण्याइतके, एकत्र आणले तर ते अतिनील दिव्याखाली चमकतात. लाल, हिरवे, कधी केशरी. पण मोकळे सोडले की एकमेकांना चिकटत जातात, गोळा होतो, काळपट पडतो, संपलं. म्हणून त्यांना डीएनएच्या छोट्याशा साखळीत बांधून ठेवायचं. साखळीतली अक्षरं बदलली की रंग बदलतो. कुठल्या अक्षरांना कुठला रंग, हे शोधणं म्हणजे आमच्या प्रल्हाद सरांचं सगळं आयुष्य. उद्या रक्तातला रोग ओळखायला हे रंग उपयोगी पडतील, अशी आशा आहे.

सर कराडकडचे, मराठी शाळेत शिकलेले. इथल्या युनिव्हर्सिटीत केमिस्ट्री शिकवून केस पांढरे झाले, तरी बेरीज मराठीतच पुटपुटतात. मला ते 'घरची' म्हणतात. पाहुण्यांशी ओळख करून देतानाही कलीग नाही, सायंटिस्ट नाही, 'शी इज फॅमिली'. घरच्या माणसाला रजेचा अर्ज करता येत नाही, सई. आणि घरचं माणूस शनिवारी लॅबमध्ये आलं तर त्याला कुणी काम म्हणत नाही.

आमचा मोठा पेपर आला तो नऊ नंबरच्या साखळीचा. सरांनी एकदा बारा साखळ्या करून पाहिल्या, त्यांतली नववी अशी लालभडक चमकली की त्यांनी सगळ्या मजल्याला पेढे वाटले. तिचा उजेड मोजला मी. माझ्या ग्रीन कार्डाचा अर्ज त्या पेपरवरच उभा राहायचा आहे. सरांनी लिहून द्यायचं की ही बाई नसती तर हा शोध लागला नसता. देतो म्हणतात. तोवर मी देश सोडायचा नाही, कारण सोडला तर व्हिसाचा नवा शिक्का लागतो, आणि आजकाल शिक्क्यासाठी मुंबईला गेलेली माणसं तिकडेच अडकून पडतात आणि इकडची नोकरी जाते.

एकच कटकट आहे. नऊ नंबर त्यानंतर कुणाकडेच चमकलेली नाही. मेगन म्हणून आमची पीएचडीची विद्यार्थिनी आहे, ती वर्षभर तेच करतेय. काही केल्या जमत नाही. सर म्हणतात तिला हात नाही. 'आपल्या लोकांच्या हातात असतं ते,' असं मला मराठीत म्हणतात, तिच्यासमोर, आणि ती बिचारी काही न कळून माझ्याकडे बघून हसते.

आईला सांग, मी मजेत आहे.

आश्लेषा


श्रूजबरी, २ सप्टेंबर २०२५

सई,

काल गौरी जेवल्या. यंदा योगायोगानं लेबर डेची सुट्टी आली, नाहीतर पद्मिनीकाकू गौरींनाही वीकेंडलाच बोलावतात. काकू म्हणजे सरांची बायको. बेसमेंटमध्ये गौरी उभ्या, मागे पैठणीनं झाकलेली ट्रेडमिल. मी सकाळपासून पुरण वाटत होते. घरची ना.

काकूंनी हळदकुंकवाचं ताट माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, 'देव्हाऱ्यातल्या ट्यूबलाही लाव गं.' त्यांच्या देव्हाऱ्यात बाळकृष्णाच्या शेजारी प्लास्टिकची एक इवलीशी ट्यूब ठेवलेली असते. तीच ती, पहिल्यांदा चमकलेली. सरांनी कितीतरी वर्षांनी स्वतःच्या हातानं प्रयोग केला होता, त्या दिवसाची. तळाशी उरलेला थेंब केव्हाच मेला, आता नुसतं पाणी दिसतं. मी आजवर ती लांबूनच पाहिली होती. काल कुंकू लावायला हातात घेतली. सरांनी मार्करनं लिहिलेला अंक होता. वाचला, ट्यूब जागेवर ठेवली आणि जाऊन पानावर बसले.

दुसरी पोळी वाढली तेव्हा हात थांबला. मी काय वाचलं होतं? मी 'एक' वाचलं होतं.

तू पहिलीच्या पोरांना पाटीवर गिरवायला देतेस ना, तो एक. वर वाटोळा, खाली शेपूट. सर घाईत असले की मराठी अंक लिहितात. मीही लिहिते, मराठी शाळेत शिकलेल्या सगळ्यांची ही खोड असते. आता तोच एक इंग्रजी डोळ्यांनी बघ. नऊ दिसतो.

म्हणजे झालं होतं ते असं. त्या दिवशी सरांनी चमकणारी ट्यूब उचलली आणि उन्हाळ्यापुरत्या आलेल्या जर्मन मुलाला दिली, 'धिस वन.' बाकीच्या टाकून दिल्या. त्या मुलानं नऊ वाचलं, ट्यूबमधलं पाणी काचेच्या कुपीत ओतलं आणि कुपीवर नऊची चिठ्ठी लावली. माझ्याकडे आली ती कुपी. मी मोजला तो उजेड अगदी खरा होता, नाव तेवढं चुकीचं होतं. पुन्हा एकदा करून बघू, असं मी तेव्हा म्हटलं होतं. सर म्हणाले, आधी पाठवू, दुसरं कुणीतरी पुढे जाईल.

नऊ नंबर कधी चमकलीच नव्हती, सई. मेगन वर्षभर जिथं खणतेय तिथं काही पुरलेलंच नाही.

काकूंनी विचारलं, तूप वाढू का. मी हो म्हटलं.

आश्लेषा


श्रूजबरी, १४ सप्टेंबर २०२५

सई,

तुझं उत्तर नाही. नसू दे. सांगायला मला दुसरं कुणी नाही. इथली मराठी माणसं सगळी सरांना ओळखतात, गणपतीच्या आरतीला एकाच बेसमेंटमध्ये उभी असतात.

खात्री केल्याशिवाय तोंड उघडायचं नाही असं ठरवलं. मेगन क्लास घ्यायला गेली तेव्हा फ्रीजरमधून एक नंबरची साखळी काढली. एक नंबर म्हणजे सरांनी हात बसावा म्हणून केलेली पहिली, साधी साखळी, तिच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. चांदीचं पाणी घातलं, मग बर्फात थंड केलेलं दुसरं औषध, ज्यानं चांदी साखळीवर बसते. झाकून फ्रीजमध्ये ठेवलं. दुसऱ्या दिवशी अंधारखोलीत जाऊन दिवा लावला.

लाल. डाळिंबाच्या दाण्यासारखा, आतून पेटलेला लाल. मी एकटीच हसायला लागले. इतक्या वर्षांत इतका आनंद मला झाला नव्हता, खरंच सांगते.

ट्यूब घेऊन सरांच्या ऑफिसात गेले. म्हटलं, 'सर, देव्हाऱ्यात आहे ती एक नंबर आहे. नऊ नाही.' त्यांनी ट्यूब घेतली, टेबलावरचा छोटा दिवा तिच्यावर धरला आणि बराच वेळ बघत बसले. 'किती सुंदर गं,' म्हणाले. मग उठून दार लावलं.

'मला गेल्या दिवाळीत कळलं,' ते म्हणाले. 'पूजेला बसलो होतो, समोरच होती.'

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. म्हटलं, 'मग?'

'मग काय. पेपर मागे घेतला तर लॅब राहत नाही. लॅब नाही तर तुझा अर्ज कशावर करायचा? मी तुझ्यासाठीच गप्प आहे.'

'आणि मेगन?'

'तिला मास्टर्स देऊन मोकळं करू. ती इथलीच आहे, तिला कोण देशाबाहेर काढतंय? तू घरची म्हणून सांगतो, आश्लेषा. तो नऊ आहे. नऊच वाचायचा. घरातलं घरात राहू दे.'

ओरडले नाहीत. धमकी तर मुळीच नाही. वर चहा मागवला, माझ्यासाठी बिनसाखरेचा, त्यांना लक्षात असतं.

गेल्या दिवाळीत म्हणजे तुझ्या लग्नाच्या आधी. आता तुला खरं सांगते. रजा त्यांनी नाकारली नव्हती. मी मागायला गेले तेव्हा म्हणाले होते, 'जा की. पण परत येता आलं नाही तर माझ्या हातात काही नाही. चांदी बांधलेली असते तोवरच चमकते, सुटली की काळी पडते.' मला वाटलं काळजीपोटी बोलतायत. मी घाबरले आणि तिकीट कॅन्सल केलं. तेव्हा त्यांना सगळं माहीत होतं. ज्या पेपरपायी मी थांबले तो पोकळ आहे, हे माहीत होतं आणि त्यांनी मला थांबू दिलं.

मला राग येतोय. त्यांचा येतोय, आणि तुझाही येतोय. 'ते काही नाही, ताई, तू येच,' असं तू एकदा तरी ओरडायला हवं होतंस.

आश्लेषा


श्रूजबरी, ५ ऑक्टोबर २०२५

सई,

अर्ज तयार झालाय. सरांनी पत्र लिहून सही करून दिलं, मी न विचारता. इतकं सुंदर पत्र की वाचताना मलाच माझा अभिमान वाटला. वकिलाचे कागद टेबलावर आहेत. खाली मी सही करायची की वरचा शब्द न शब्द खरा आहे. वर लिहिलंय, नऊ नंबर.

त्याच दिवशी काकूंनी डबा पाठवला. भरली वांगी. मी ती खाल्ली, आणि छान झाली होती.

शुक्रवारी मेगनची कमिटी बसतेय. तिला ठेवायचं की काढायचं, ते ठरेल. सरांना मी तिथं हवी आहे. तिला शिकवलं मी, तेव्हा मीच सांगायचं की मुलीनं सगळं नीट केलं, पण काही लोकांना हात नसतो. 'दोन वाक्यं बोल आणि बस,' म्हणाले.

परवा मेगन माझ्या शेजारी डबा उघडून बसली आणि जेवलीच नाही. म्हणाली, 'मे बी आय ॲम जस्ट नॉट गुड ॲट धिस. यू वुड टेल मी, राइट?' तिची आई मेन राज्यात शाळेची बस चालवते. घरात कॉलेजला गेलेली ही पहिली. मी काय म्हणावं? मी म्हटलं, 'ईट युवर लंच.' आपली आई म्हणते तसं, आधी जेव.

सही केली तर मेगन जाते. नाही केली तर मी जाते, कारण पेपर बुडाला की लॅब बुडणार, आणि नोकरी गेली की या देशात राहायला मला फक्त दोनेक महिने मिळतात. इतकं सोपं गणित आहे, तुझी पहिलीतली पोरंसुद्धा सोडवतील. मी महिनाभर तेच सोडवत बसलेय. रविवारी गाडी काढते, तलावाला चक्कर मारते, पटेलांच्या दुकानात कोथिंबीर घेते आणि परत त्याच टेबलाशी येते. दार कुणी लावलेलं नाही गं. कुणी लावलं असतं तर लाथ तरी मारली असती. इथं सगळे प्रेमानं वागतात, डबे पाठवतात, आणि मला श्वास घेता येत नाही.

या वेळी तरी उत्तर दे. 'कर सही' लिही, नाहीतर 'करू नको' लिही. पण हे पत्र पोचेपर्यंत शुक्रवार होऊन गेलेला असेल. हे मला आत्ता लिहिताना कळतंय.

आश्लेषा


श्रूजबरी, १२ ऑक्टोबर २०२५

सई,

झालं. सांगते.

कमिटीच्या खोलीत सर, आणखी तीन प्रोफेसर, मेगन आणि मी. मेगननं इस्त्रीचा शर्ट घातला होता, बाहीला इस्त्रीचा पट्टा उठलेला. सर बोलले, फार चांगलं बोलले, 'शी हॅज वर्क्ड हार्ड' वगैरे. मग म्हणाले, आश्लेषा सांगेल.

मी उभी राहिले. रात्रंदिवस पाठ केलेलं सगळं विसरले. पर्समध्ये ट्यूब होती, सकाळी नवीन काढलेली, तिच्यावर मीच मार्करनं एक लिहिला होता, तुझ्या पाटीवरचा. ती मेगनच्या हातात दिली. 'रीड द नंबर,' म्हटलं.

'नाइन?' ती म्हणाली.

शेजारच्या म्हाताऱ्या बाई, त्या कमिटीच्या प्रमुख, त्यांनी चष्मा वर करून बघितलं. नाइन. त्यांच्या पलीकडच्या दोघांनीही तेच. ट्यूब फिरत फिरत सरांपर्यंत गेली. त्यांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे बघून हळूच मराठीत म्हणाले, 'आश्लेषा, हे घरी बोलू.'

'दार लावून घरच्यासारखंच बोललो होतो, सर,' मी म्हटलं. आवाज कसा कोण जाणे, बरा आला.

बाईंनी विचारलं, 'प्रल्हाद, व्हॉट डझ इट से?'

त्या खोलीत तो अंक वाचू शकणारी माणसं दोनच होती. सरांनी नऊ म्हटलं असतं तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही. दिवा लावून दाखवला असता, भांडले असते, रडलेही असते. सरांनी ट्यूब जवळ घेतली. अंकावरून अंगठा फिरवला.

'वन,' ते म्हणाले. 'इट इज अ वन. दॅट्स हाऊ आय लर्न्ड इट.'

मग मी खोलीतले दिवे बंद केले आणि पर्समधला छोटा अतिनील दिवा ट्यूबवर धरला. मेगननं तोंडावर हात ठेवला. लाल उजेड तिच्या बोटांवर पडला होता. पुढचं सगळं बोलणं प्रोफेसरांनीच केलं, मी खुर्चीत बसून पाणी पीत होते.

संध्याकाळी काकूंचा फोन आला. मला वाटलं शिव्या देतील. त्यांनी एवढंच विचारलं, 'पानावर बसली होतीस तेव्हाच का नाही बोललीस गं? घरात आम्ही दोघंच असतो, तिथंच मिटलं असतं.' त्या रडत होत्या, मग मीही रडले, आणि फोन कुणी ठेवला ते आठवत नाही.

सही केली नाही. कागद वकिलाला परत पाठवले.

आश्लेषा


श्रूजबरी, ९ नोव्हेंबर २०२५

सई,

पेपर मागे घेतला. मेगनला आणखी वेळ दिलाय, नवा गाइडही मिळालाय. तिनं स्वतःच्या हातानं एक नंबर केली, पहिल्याच फटक्यात चमकली, आणि फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, 'एक!' देवनागरीत, वेलांटीसारखं काहीतरी वेडंवाकडं जोडून. हात आहे तिला, चांगला हात आहे.

लॅब वर्षअखेरीस बंद होतेय. सर माझ्या टेबलाशी आले होते, दुसरीकडे कुठे बघतेयस का, विचारायला. त्यांना खरंच काळजी होती, सई, हेच मला अजून पचत नाही. मी चार ठिकाणी अर्ज केले. मागे घेतलेल्या पेपरवर माझंही नाव आहे, तेव्हा कुणी उत्तर देत नाही. ठीक आहे.

मी जानेवारीत नागपूरला येतेय. दर वेळी विमानतळापासून घरापर्यंत जो तो मला एकच विचारतो, 'आलीस कधी, जाणार कधी?' आणि मी तारीख सांगते, मग ती तारीख येईपर्यंत सगळ्यांच्या पोळ्या खाते. यंदा सांगायला तारीख नाही. आईला हे तू सांग, माझ्याच्यानं व्हायचं नाही. 'कंटाळली म्हणून आली' असं सांगू नकोस. नोकरी गेली, असं सांग. शेजारच्यांनाही तेच सांग.

पहिल्यांदा तुझ्याकडे येणार आहे. तुझं घर मी अजून पाहिलेलं नाही, पत्ता लग्नपत्रिकेवरून उतरवून घेतलाय. दार उघडायचं की नाही ते तू बघ. नाही उघडलंस तर बाहेर जिन्यात बॅगेवर बसेन. सत्यजितराव येता-जाता लाजतील, लाजू देत. मला कुठंही परत जायचं नाहीये, त्यामुळे तू दमेपर्यंत मी बसू शकते.

ताई